साखळीने मोजलेला किनारा

ब्लॉगवर मी सहसा अलीकडच्या सहली लिहिते. पण मागच्या पोस्टखाली एका वाचकाने विचारलं, "ताई, नागपूरकराने कोकणात पहिल्यांदा जायचं तर कधी जावं?" मला उत्तर देता येईना, कारण माझी पहिली खेप मे महिन्यातली, साल अठ्ठ्याहत्तर, आणि ती फिरायला म्हणून ठरलेलीच नव्हती. आम्ही समुद्र मोजायला गेलो होतो. हसू नका, खरंच तसंच झालं.

माझे बाबा जमीन मोजणी खात्यात होते. उमरेड, भिवापूर, कुहीकडची काळी शेतं त्यांनी पायाखाली घातलेली. दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे असले तरी बाबांनी साखळी पसरली की गप्प व्हायचे, इतकं त्यांच्या मोजणीचं नाव होतं. त्या साली ते निवृत्त झाले आणि महिनाभरातच बापूंचं पत्र आलं. बापू म्हणजे बाबांचे जुने सहकारी. नागपूरच्या कचेरीत वीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसले, आमच्या घरी पोळ्याला जेवले, आणि नोकरी संपल्यावर गुहागरच्या पलीकडे आपल्या गावी परतले.

पत्रात लिहिलं होतं की त्यांचा धाकटा भाऊ वारला, त्याची बायको सुमती आणि दोन मुली मागे आहेत. वडिलोपार्जित नारळीचं आगर दोन घरांत वाटायचं आहे. "गावातल्या कोणाकडून मोजून घेतलं तर लोक म्हणतील, बापूने विधवेला फसवलं. तुम्ही या. तुमच्या मोजणीवर कोणी बोट ठेवणार नाही."

बाबांना हे वाचून जे भरून आलं, ते मी विसरणार नाही. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून मी निघाले. वय तेवीस, बी.ए. भूगोल घेऊन नुकतंच झालेलं. लाटांनी घडलेल्या किनाऱ्याच्या आकृत्या पेपरात काढून मी चांगले मार्क मिळवले होते आणि समुद्र मात्र कॅलेंडरवर पाहिला होता.

नागपूरहून गाडी मनमाड, दौंड करत पुण्याला. डब्यात तिखट पुऱ्या, जवसाची चटणी, बापूंसाठी तुरीची डाळ. आणि बर्थखाली पोत्यात गुंडाळलेली बाबांची लोखंडी साखळी. वर्ध्याला चढलेल्या एका गृहस्थाचा पाय तिला लागला आणि तो ओरडला, "काय भरून राहिले गा यात? कैदी बांधाची साखळी आहे काय?" बाबा म्हणाले, "भाऊ, वावर बांधाची आहे." मग भुसावळपर्यंत त्या माणसाने आपल्या धुऱ्याची भांडणं सांगितली आणि बाबांनी फुकट सल्ला दिला.

पुण्याहून एस.टी.ने कराडमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. ज्यांना गाडी लागते त्यांनी आवळासुपारी जवळ ठेवा आणि मागच्या सीटवर बसू नका, हा सल्ला आजही लागू आहे. घाटात माझ्या पोटातलं सगळं वर आलं आणि बाबा शांतपणे डोंगराचा उतार डोळ्यांनी मोजत बसले. चिपळूणहून दुसरी गाडी, मग खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. पंचवीस पैसे माणशी. तरीवाल्याने पोत्याचेही पंचवीस पैसे घेतले.

होडी खाडीच्या मध्यावर आली आणि डाव्या हाताला झाडी संपली. तिथे समुद्र होता. मी काहीतरी सुंदर वाटेल म्हणून तयारीत होते. वाटली ती भीती. इतकं पाणी उघड्यावर, कोणी आवरलेलं नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव, आणि तलाव म्हटला की त्याला पाळ असते, मातीचा बांध. पाळीवरून माणसं सायकली नेतात. बाबाही चाट पडले होते. त्यांनी तरीवाल्याला विचारलं, "याची पाळ कुठी आहे गा?"

तरीवाला म्हातारा होता, नाव रामा. त्याला प्रश्न आधी कळलाच नाही. कळला तेव्हा वल्हं सोडून हसला. "साहेब, तो स्वतःच स्वतःची पाळ बांधतो नि स्वतःच मोडतो."

त्याच्याकडूनच मला एक हिशेब मिळाला, तो लिहून ठेवा. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला सकाळ-संध्याकाळ भरती आणि भर दुपारी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. थोडं मागेपुढे होतं, पण किनाऱ्यावर जाताना पंचांग पाहून जा. अष्टमीच्या आसपास भरती लहान, तिला तो भांग म्हणाला. अमावस्येची मोठी, तिला उधाण. आम्ही पोचलो त्या दिवशी वद्य सप्तमी होती. हे मुद्दाम सांगते आहे.

बापूंचं घर रस्त्याला लागून, पूर्वेकडे. घरामागे विहीर, तिच्यापुढे पश्चिमेला आगर, आगर संपलं की केवड्याचं बन आणि मग पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. बापूंनी बाबांना मिठी मारली. जेवायला उकड्या तांदळाचा भात, फणसाची भाजी, सोलकढी. बाबांनी सोलकढीचा एक घोट घेतला आणि गुपचूप जवसाच्या चटणीचा डबा काढला. वाढायला सुमतीकाकू होत्या, पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या.

दुसऱ्या दिवशी, अष्टमीला, मोजणी. साखळीचं एक टोक बाबांकडे, एक माझ्याकडे, आणि गावातली चार मोठी माणसं बापूंच्या ओट्यावर बसलेली. दुपारी बारा वाजता आम्ही पुळणीवर पोचलो तेव्हा पाणी इतकं लांब होतं की बाबा म्हणाले, "हे तर मोठं वावर आहे वं. पेरलं तर गहू होईल इथी." आमच्या भागात तलावाचं पाणी उतरलं की तळाच्या गाळात पेरणी करतात, गाळपेर म्हणतात तिला. पाण्याजवळचा तुकडा ज्याला मिळाला तो नशीबवान. बाबांच्या डोक्यात तेच होतं, आणि माझ्याही.

आगर लांबट होतं, रस्त्यापासून समुद्रापर्यंत लांब आणि रुंदीला बेताचं. उभे दोन पट्टे पाडले तर दोघांच्या वाट्याला नुसत्या चिंध्या येणार आणि विहीर एकाकडे जाणार. बाबांनी मधोमध आडवी रेघ मारली. मागचा भाग रस्त्याकडचा, पुढचा समुद्राकडचा, क्षेत्र हातभरही इकडेतिकडे नाही, विहिरीला दोघांची वाट. सुबक काम. ओट्यावरच्या एका म्हाताऱ्याने घसा खाकरला, पण बोलला नाही.

"पुढचा भाग सुमतीला द्या," बापू म्हणाले. "माड तिकडे जास्त आहेत."

बाबांनी साखळी खाली ठेवली. चारचौघांत म्हणाले, "पाण्याजवळची जमीन भावजयीले देणारा माणूस म्या चाळीस वर्सांत पाह्यला नाही." बापूंनी मान खाली घातली. मला वाटलं, विनयाने घातली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात सुमतीकाकूंनी मला विचारलं, "तुमच्याकडे आडवे तुकडे पाडतात का हो?"

"सगळीकडेच पाडतात," मी म्हणाले. बी.ए. झालेल्या मुलीची ऐट होती ती. "बाबांनी केलंय म्हणजे बरोबरच असेल."

 नंतर त्या मोठ्या मुलीला घेऊन केवड्याच्या बनाजवळ गेल्या आणि पावलांनी एक चौकोन आखला. पावसाळ्यानंतर तिथे दोन खोल्या बांधायच्या होत्या त्यांना. त्यांच्या वाट्यात माड न तोडता बांधायला मोकळी जागा तेवढीच होती. बाबांनी हद्दीचे चार दगड पुरले, त्यांवर छिन्नीने आपली खूण केली. पुढचे दोन दगड केवड्याच्या कडेला होते.

मग चार-पाच दिवस आम्ही पाहुणे झालो. बापूंनी आग्रह केला होता आणि बाबांना नकाशा शाईने पक्का करायचा होता. रामा मला ओहोटीला उत्तरेकडच्या टोकापर्यंत घेऊन गेला. डोंगराचं नाक समुद्रात शिरलेलं, खाली लाटांनी पोखरून केलेली गुहा. पेपरात मी तिची आकृती पेन्सिलीने अर्ध्या मिनिटात काढली होती. आता मी तिच्या आत उभी होते. प्रत्येक लाटेबरोबर आतली हवा दाबली जायची आणि कानाला दडे बसायचे. दगड फोडते ती हीच, पाण्याने कोंडलेली हवा, हे मी पाठ केलं होतं. ते कानात ऐकणं निराळं.

रामाने हाताने दाखवलं की लाटा सरळ येतात, पण टोकाजवळ आल्या की वळून त्यालाच दोन्ही बाजूंनी धरतात. तिथे खातात आणि खाल्लेलं आत वाकणात आणून टाकतात, म्हणून पुळण तिथे. "मी पोर होतो तेव्हा खाडीचं तोंड तिकडे होतं," त्याने दक्षिणेकडे बोट केलं. "मग वाळूचा दांडा वाढत गेला, तोंड इकडे सरकलं. तेव्हापासून बापूंच्या आगराला मार बसतो. पावसाळ्यात वाळू जाते, मार्गशीर्षात परत येते. पण थोडी कमीच येते."

"किती जाते?"

"त्याच्या मनात असेल तेवढी."

हे मी बाबांना सांगितलं. ते नकाशावर वाकले होते. "म्हातारा तरीवाला आहे, त्याले गोष्टी सांगाले आवडते," म्हणाले. मीही विषय सोडला, याचं मला आजही वाईट वाटतं.

अमावस्येच्या आदल्या दिवसापासून वारा फिरला. पाऊस नव्हता, ढगही फार नव्हते, पण समुद्राचा आवाज बदलला. अमावस्येला सकाळी दहाला मी आगरातून गेले तर केवड्याच्या बनात पाणी होतं. जिथे बारा वाजता गहू पेरायला निघालो होतो तिथे माझ्या उंचीच्या लाटा फुटत होत्या. मी बाबांना हाका मारत धावले.

आम्ही सगळे आलो. पाण्याने वाळूचा काठ सुरीने कापल्यासारखा उभा कापला होता आणि तो काठ आमच्याकडे येत होता. लाट यायची, खालची वाळू ओढून न्यायची, वरचा भाग क्षणभर तसाच अधांतरी राहायचा आणि मग धप्पकन बसायचा. एक माड वाकला. त्याची मुळं पांढरी, शेकडो, लोंबकळत होती. तो हळू, अगदी सावकाश आडवा झाला आणि पाण्याने त्याला फिरवून नेलं. मी किंचाळले. दुसरा गेला. मग बाबांचा दगड.

तो आधी कलला. छिन्नीची खूण आमच्याकडे झाली, अगदी स्पष्ट दिसली, आणि दगड खाली गेला. बाबांच्या तोंडून आवाज निघाला, कोणाला काठी बसावी तसा. चाळीस वर्षांत त्यांचा पुरलेला दगड कोणी हलवला नव्हता. हलवणाऱ्याला तुरुंग असतो. ते पाण्याकडे पाहत, "अरे, अरे," एवढंच म्हणत राहिले.

दोन भरत्यांत तीन माड, एक दगड आणि सुमतीकाकूंनी पावलांनी आखलेल्या चौकोनाचा अर्धा भाग गेला. त्या तिथेच उभ्या होत्या, दोन्ही मुलींचे हात धरून. रडत नव्हत्या. मीच रडत होते.

"काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"माहेर माझं पुढच्याच खाडीवर," त्या म्हणाल्या. "इथे कोणाला माहीत नाही? आमचे सासरे म्हणायचे, आगर फाडायचं तर रस्त्यापासून समुद्रापर्यंत उभं फाडा. त्याने नेलं तर दोघांचं नेलं, दिलं तर दोघांना दिलं. या किनाऱ्यावर सगळे तसेच पट्टे पाडतात."

"मग बोलला का नाहीत?"

"चार मोठी माणसं, त्यात तुमचे वडील सरकारी. तुम्हाला विचारून पाहिलं मी."

 समुद्राने मला जेवढं हलवलं नव्हतं तेवढं या एका वाक्याने हलवलं. आणि बाबा मागे उभे राहून सगळं ऐकत होते.  ते वळले आणि तडक बापूंसमोर गेले.

"बापू, तुमचा जन्म इथचा. तुमाले माहीत होतं?"

बापू वाळूकडे पाहत बाबांना म्हणाले, "गणपतराव, रेघ तुम्ही मारलीत. मी फक्त नाही म्हटलं नाही."

"काहून नाही म्हटलं?"

"तीन पोरगे आहेत मला."

वीस वर्षं शेजारी बसलेला माणूस. माझ्या बारशाला आलेला. बाबांनी ज्याची चारचौघांत वाहवा केली तो. मला वाटलं बाबा ओरडतील. ते ओरडले नाहीत. घरात गेले, शाईने पक्का केलेला नकाशा आणला आणि फाडला. मी त्यांना साधा कोरा कागद फाडतानाही कधी पाहिलं नव्हतं.

"गावासमोर शब्द झालाय," बापू म्हणाले.

"शब्द माहा होता. मीच परत घेऊन राहिलो," बाबा म्हणाले. "माही सही असन तर उभे पट्टे. नसन तर म्या आताच्या आता निघतो, आन् का निघालो ते त्या चार मानसायले सांगून निघतो."

बापू आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी साखळी काढली तेव्हा मी माझं टोक धरायला पुढे झाले, तर बापू आधीच वाकून ते उचलत होते.  पूर्ण दिवस दोघे म्हातारे साखळी ताणत रस्त्यापासून समुद्राकडे जात-येत राहिले. विहीर बापूंच्या पट्ट्यात आली, सुमतीकाकूंना पाण्याचा हक्क लिहून दिला, आणि दोन खोल्यांची जागा रस्त्याच्या कडेला ठरली. दगड फक्त रस्त्याकडे आणि मध्यावर पुरले. समुद्राकडे बाबांनी पुरला नाही. ओट्यावर तीच चार माणसं होती. तो घसा खाकरणारा म्हातारा या वेळी म्हणाला, "आता बरोबर," आणि मला त्याचा संताप आला. आठ दिवसांपूर्वी त्याचं तोंड कोणी शिवलं होतं?

परतताना तरीत बाबा पाठ समुद्राकडे करून बसले. रामाने पोत्याचे पैसे घेतले नाहीत. घाट, पुणे, दौंड, मनमाड, त्याच रस्त्याने आम्ही परतलो. बडनेऱ्याला चहा घेताना बाबा अचानक म्हणाले, "चाळीस वर्सं जमीन मोजली वं. पाण्याले विचाराचं राह्यलं." आणि कप खाली ठेवत, "मानसालेही."

आता त्या वाचकाला उत्तर. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, वाळू भरलेली असते. आता विमानं आहेत, रस्ते आहेत, मिहानच्या बाजूने निघणाऱ्या नव्या महामार्गाने गाडी काढली तर निम्मा त्रास वाचतो. किनाऱ्यावरच्या खोलीत उतराल तेव्हा मालकाला विचारा, पावसाळ्यात पाणी कुठवर येतं. तो हसून टाळेल. मग त्याच्या आईला विचारा.

बाबांनी उभ्या पट्ट्यांचा जो नवा नकाशा काढला त्याची एक प्रत रामदासपेठेतल्या माझ्या कपाटात आहे. तीन बाजूंना बाबांच्या ठाम काळ्या रेघा, आणि पश्चिमेला रेघच नाही. तिथे त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलंय, "समुद्र ठेवील तेथवर." खात्यातल्या कोणत्याही नियमात हे बसत नाही. बापूंनी दर दिवाळीला कार्ड पाठवलं. बाबांनी एकाचंही उत्तर दिलं नाही आणि एकही फेकलं नाही.

उत्तर दिलं ते सुमतीकाकूंना. त्याच वर्षी गणपती झाल्यावर त्यांचं पत्र आलं. वाळू फार गेली होती, दोन्ही पट्ट्यांचे मिळून पाच माड पडले, आणि मोठ्या ओहोटीला बाबांचा तो दगड खाली उघडा पडलेला सापडला. दोन माणसं लावून त्यांनी तो वर आणला. त्यावर सरकारी खूण आहे, परत पुरायचा का, आणि पुरायचा तर कुठे, असं त्यांनी भीतभीत विचारलं होतं.

बाबांनी पोस्टकार्ड लिहायला घेतलं आणि दोन दिवस ते टेबलावर तसंच पडलं होतं. तिसऱ्या दिवशी मी ते टाकायला नेलं, म्हणून मला मजकूर माहीत आहे. खाली त्यांची पूर्ण सही होती, हुद्द्यासकट.

"सौ. सुमतीबाईंस नमस्कार." मग सौ. खोडून नुसतंच नाव. "तो दगड चुकीचा आहे. पुरू नये. विहिरीजवळ ठेवावा आणि त्यावर कपडे धुवावेत."